वनस्पतिजन्य अर्क, पेंडी आणि मुळांचे रोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाची पेरणी उरकली की निंबोळी अर्काचे प्रश्न यायला लागतात आणि गौरी-गणपतीच्या पावसानंतर ‘झाड सुकतंय, काय मारू?’ असं विचारणारे फोटो. फोटो नव्वद टक्के पानांचे असतात, मुळाचा क्वचितच. म्हणून या पानावर आधी फवारणीचे प्रश्न घेतलेत आणि मग जमिनीखालचे. घाईत असाल आणि झाड सुकत असेल, तर सरळ प्रश्न ८ वर जा.

१. निंबोळी अर्क फवारून दोन दिवस झाले, अळ्या पानावर तशाच फिरताहेत. अर्क कुचकामी निघाला का?

लगेच तसं ठरवू नका. निंबोळीतलं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ते अळीला जागच्या जागी लोळवत नाही. त्याने अळीचं खाणं तुटतं, कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि मादी त्या पानावर अंडी घालायला कचरते. मेलेल्या अळ्या शोधण्यापेक्षा पानावर ताजी विष्ठा आणि नवी भोकं दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर अळी उपाशी आहे, अर्क लागू पडलाय. परिणाम पुरता दिसायला पाच-सात दिवस जातात.

हा गुण टोळांनीच दाखवून दिला. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळी झाडं बोडकी केली, फक्त कडुनिंब हिरवे राहिले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी ते पाहिलं आणि पुढे आयुष्यभर कडुनिंबावर काम केलं. १९६२ च्या टोळधाडीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीचं पाणी पिकावर फवारून पाहिलं. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही.

एक मर्यादा मात्र पक्की. अर्क चालतो तो अंडी आणि पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या बारीक अळ्यांवर. बोटाएवढी अळी झाल्यावर निंबोळी अर्क मारणं म्हणजे पाणी आणि मजुरी वाया घालवणं.

२. ५ टक्के निंबोळी अर्क घरी कसा करायचा? एकरी किती निंबोळ्या लागतात?

१०० लिटर फवाऱ्याला ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल तर १० किलो धरा.

निंबोळ्या खलबत्त्यात किंवा भरडणीवर जाडसर भरडा. मिक्सरमध्ये फार बारीक केल्या तर तेल सुटून लगदा होतो आणि तो गाळताना जीव जातो. भरडा संध्याकाळी ९-१० लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी काठीने ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून घ्या. चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून पिळा. निघणारं पाणी दुधासारखं पांढरट दिसलं की अर्क नीट उतरला असं समजा. वेगळ्या लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साधा कपड्याचा साबण किसून विरघळवा, तो अर्कात मिसळा आणि सगळं मिळून १०० लिटर करा. साबणाने अर्क पानावर पसरतो आणि चिकटतो. डिटर्जंट पावडर वापरू नका, कोवळी पानं करपतात.

केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. नोझल चोंदत असेल तर दोष गाळणीचा असतो, अर्काचा नाही.

३. निंबोळ्या कधी वेचायच्या? मागच्या वर्षीच्या चालतील का?

झाडाखाली पिवळ्या पडलेल्या, पिकलेल्या वेचा. हिरव्या झोडपून पाडू नका. गर धुऊन काढा, बी सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटात हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बियांवर बुरशी येते. बुरशी आलेल्या निंबोळ्या टाकून द्या, अर्कासाठीही नकोत.

साधारण तीन ते आठ महिने जुनं बी सगळ्यात चांगलं. वर्ष उलटलेल्या बियांत जोर राहत नाही. म्हणजे यंदा वेचलेल्या निंबोळ्या रब्बीच्या हरभऱ्याला उत्तम. पुढच्या पावसाळ्यातल्या कपाशीला मात्र त्या जुन्या झालेल्या असतात. तेव्हा प्रमाण वाढवून घ्या, नाहीतर दुकानातली बाटली आणा (प्रश्न ४).

४. दुकानात ३००, १५००, १०००० पीपीएम अशा बाटल्या मिळतात. कोणती घ्यायची? आणि नुसतं निंबोळी तेल चालतं का?

पीपीएम म्हणजे बाटलीत अझाडिरॅक्टिन किती, त्याचं माप. १०००० पीपीएम म्हणजे १ टक्का. जास्त पीपीएमची बाटली महाग दिसते, पण लिटरमागे कमी लागते. त्यामुळे भाव बाटलीचा बघू नका, एकरी खर्च काढा. मात्रा लेबलवर पिकानुसार दिलेली असते, तीच पाळा. लेबलवर नोंदणी क्रमांक नसलेली ‘हर्बल’ बाटली दोन तासांत अळ्या टपाटप पाडत असेल, तर खूश होऊ नका. वनस्पतीचा अर्क असं करत नाही. आत रासायनिक औषध मिसळलेलं असण्याचा संशय घ्या. निर्यातीची द्राक्षं किंवा डाळिंब असेल तर असल्या बाटलीने मालात उर्वरित अंश निघतो आणि माल नाकारला जातो.

घाण्याच्या तेलात अझाडिरॅक्टिन किती हे सांगता येत नाही. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, कोळी आणि भुरी रोगाची सुरुवात यांवर ते उपयोगी पडतं. लिटरला ५ मिली तेल आणि सोबत साबण, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या पंपात सगळं एकदम येऊन पानं जळतात. बुरशीवरच्या या गुणासाठी एका अमेरिकी कंपनीने तिथल्या कृषी खात्याच्या जोडीने युरोपात पेटंट मिळवलं होतं. हे ज्ञान आधीपासूनचंच आहे हे भारतातून गेलेल्या पुराव्याने दाखवलं गेलं, २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं.

५. दशपर्णी अर्कात दहा वनस्पती कोणत्या? एखादी मिळाली नाही तर?

आपल्याकडे चालत आलेली यादी अशी : कडुनिंबाचा पाला ५ किलो, निर्गुडी, घाणेरी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, गुळवेल, रुई आणि कण्हेर प्रत्येकी २ किलो. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा २ किलो, लसूण पाव किलो, शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर आणि पाणी २०० लिटर. पिंप सावलीत, तोंडाला गोणपाट बांधून, महिनाभर. रोज ढवळायचं.

एखादी नसली तर काही बिघडत नाही. दहा हा आकडा पवित्र नाही. मी तर कण्हेर आवर्जून वगळायला सांगते. तिचं विष हृदयावर काम करतं आणि चिरलेला पाला शेळीच्या तोंडी लागला तर शेळी हातची जाते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, तोडताना चष्मा लावा.

प्रत्येकाचं पिंप वेगळं, त्यामुळे जोरही वेगळा. १० लिटरच्या पंपाला २०० मिलीपासून सुरुवात करा, आधी दोन सऱ्यांवर मारून दोन दिवस थांबा. काकडीवर्गीय वेलांना चटका लवकर बसतो.

६. बोअरच्या पाण्यात अर्क केला तर चालतो का? सकाळी मारावा की संध्याकाळी?

संध्याकाळी चार-साडेचारनंतर. उन्हात अझाडिरॅक्टिन झपाट्याने मोडतं आणि मधमाश्यांची वर्दळही तोवर कमी झालेली असते.

पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर अर्क कमजोर पडतो. मराठवाडा-विदर्भातल्या बऱ्याच बोअरचं पाणी असंच असतं. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून सामू ६ च्या आसपास आणा; सामू मोजायची पट्टी खतविक्रेत्याकडे मिळते. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर प्रश्नच मिटला.

७. कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसली. निंबोळी अर्क मारू का?

बोंड फोडून अळी दिसली असेल तर उशीर झालाय. अळी अंड्यातून निघाली की लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते आणि तिचं भोकही बुजतं. अर्क तिच्यापर्यंत पोचत नाही. पात्या लागताना, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग दिसू लागले की मारलात तर अंडी घालणं कमी होतं. पुढचं नियंत्रण डोमकळ्या (अळीने मिटलेली, न उमललेली फुलं) वेचणं आणि हंगाम वेळेत संपवून फरदड (जुन्याच झाडांवर लांबवलेलं पीक) न घेणं यावर आहे.

८. झाड वरून सुकत चाललंय. मुळाला काय ओतू?

अजून काहीच ओतू नका. आधी एक अर्धवट सुकलेलं झाड काढा, पूर्ण मेलेलं नको. आणि उपटू नका, खुरप्याने खोदून मातीच्या ढेपळ्यासकट काढा. उपटलं की कुजलेली तंतुमुळं जमिनीतच राहतात आणि हातात येतो तो स्वच्छ सोट. मग ‘मूळ तर चांगलंय’ असं वाटतं. मूळ बादलीत हलकं धुवा आणि बघा :

बारीक मुळाची साल बोटाने ओढल्यावर मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा कणा राहिला, तर पिथियम किंवा फायटोप्थोरा. ही ओलीत वाढणाऱ्या बुरशींची दुखणी.

खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ आणि पानं खालून पिवळी, तर फ्युजॅरियमची मर. हरभरा, तूर, टोमॅटोत नेहमीची.

मातीलगत खोडावर पांढरी कापसासारखी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे, तर स्क्लेरोशियम. भुईमूग, मिरची, वांगी.

झाड हिरवंगार असताना एका दुपारी मान टाकतं? खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. पाच मिनिटांत दुधट धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्यावर कोणताही पाला, पेंड किंवा काढा चालत नाही. झाडं काढून नष्ट करा आणि त्या जागी पुढे टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा घेऊ नका.

मुळावर गाठी असतील तर प्रश्न ९.

आणि यातलं काहीच नसेल, मोठ्या पावसानंतर कपाशीची झाडं अचानक लोळली असतील, तर ती आकस्मिक मर. तो रोगच नाही, मुळांना हवा मिळत नाही. चर काढून पाणी काढा आणि वाफसा येऊ द्या. या एका गोष्टीवर दर सप्टेंबरात बुरशीनाशकांचा जो खर्च होतो तो पाहून हळहळ वाटते.

९. मुळावर गाठी आहेत. सूत्रकृमी की नत्राच्या गाठी?

सोयाबीन, हरभरा, तूर, भुईमुगाच्या मुळावर नत्राच्या गाठी असतातच, त्या हव्याच असतात. त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्या की आत गुलाबी. सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे कृमी; त्यांची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. टोमॅटो, भेंडी, काकडी, डाळिंबावर गाठी असतील तर विचार करायचं कारणच नाही, त्या सूत्रकृमीच्याच.

उभ्या पिकात सूत्रकृमी संपत नाहीत, आटोक्यात राहतात. निंबोळी पेंड (प्रमाण प्रश्न ११ मध्ये) आणि झेंडू (प्रश्न १०) हे वनस्पतींचे दोन खरे उपाय. तिसरा उन्हाचा : एप्रिल-मेमध्ये वाफे भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. कागद काळा नको, पारदर्शकच हवा. रोपवाटिकेला हे केलंच पाहिजे, कारण बहुतेक शेतांत सूत्रकृमी विकतच्या रोपांबरोबर येतात.

१०. बांधाला झेंडू लावलाय, तरी टोमॅटोला गाठी का?

कारण झेंडूची मुळं बांधात आहेत आणि सूत्रकृमी वाफ्यात. झेंडूच्या मुळात अल्फा-टरथिएनिल नावाचं द्रव्य असतं आणि ते काम करतं मुळाच्या अगदी जवळ. बांधावरच्या झेंडूवर हिरवी बोंडअळी अंडी घालते, तो सापळा पीक म्हणून फायदा वेगळा. सूत्रकृमीसाठी झेंडू त्याच जमिनीत, दाट, आख्खा हंगाम हवा आणि टोमॅटो त्याच्या मागून. दसरा-दिवाळीला फुलं विकून रान मोकळं केलं की उन्हाळी भेंडीला किंवा टोमॅटोला ते तयार. आंतरपीक म्हणून दोन ओळींत एक ओळ घेतली तर थोडा फायदा होतो, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

११. निंबोळी पेंड किती आणि कधी टाकायची? ट्रायकोडर्माबरोबर चालते का?

भाजीपाल्याला हेक्टरी १ ते २ टन, लागवडीआधी दोन-तीन आठवडे, मातीत मिसळून आणि ओल देऊन. पेंड कुजताना अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं सुटतात. सूत्रकृमी आणि बुरशीला त्रास होतो तो यांचाच. पण लावणीच्याच दिवशी मुळाशी मूठभर टाकली तर तोच अमोनिया कोवळ्या रोपाला भाजतो. नुसती वर भुरभुरलेली पेंड वाळून जाते, काम करत नाही. डाळिंबासारख्या झाडाला बहार धरताना झाडामागे १ ते २ किलो, खोडापासून लांब, ड्रिपरच्या ओलीत.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी. तिच्याबरोबर पेंड चालते, खरं तर तीच उत्तम जोडी. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात आणि सोबत दहाएक किलो पेंडीत मिसळा, ओलसर ठेवा, झाका, तीन-चार दिवसांनी उलथापालथ करा. आठवडा-पंधरवड्यात ढिगावर हिरवट बुरशी पसरली की शेतात टाका. ताज्या शेणात हे करू नका. ताम्रयुक्त औषधाची आळवणी याच्या आगेमागे नको.

भेसळीबद्दल : पेंडीची चिमूट पेलाभर पाण्यात ढवळा. तळाशी वाळू बसली किंवा कडू वास येत नसेल तर गाडी परत पाठवा.

१२. युरियाला आता कडुनिंबाचं आवरण असतंच. मग पेंड वेगळी कशाला?

नियमाप्रमाणे त्या युरियात निंबोळी तेल किमान ०.०३५ टक्के हवं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सोळा ग्रॅमच्या आसपास. नत्र सावकाश सुटावं यासाठी ते आहे. सूत्रकृमीला त्याने काही होत नाही.

१३. हळदीला कंदकूज लागलीये, वास येतोय. आता पेंड टाकली तर थांबेल का?

कुजलेला कंद परत येत नाही. आजूबाजूचा वाचवता येतो. पहिलं काम पाणी काढणं, कारण पिथियम पाण्यातूनच पसरतो. कुजलेले गड्डे मातीसकट काढून शेताबाहेर न्या. मग भरणी करताना पेंड आणि ट्रायकोडर्माचं मिश्रण बुंध्याशी द्या. उघडे पडलेले कंद मातीने झाका, कारण कंदमाशी उघड्या कंदाजवळच अंडी घालते आणि कूज वाढते.

कंदमाशीसाठी एक स्वस्तातला उपाय आहे. पसरट भांड्यात २०० ग्रॅम भरडलेलं एरंडीचं बी दीड लिटर पाण्यात भिजवून ठेवा, एकरी दोन-तीन भांडी. आठ-दहा दिवसांत घाण वास सुटतो आणि माश्या त्यात येऊन पडतात. वास एवढा येतो की भांडं घराच्या बाजूला ठेवू नका. भिजलेलं बी विषारी असतं, कुत्र्या-गुरांच्या तोंडी लागता कामा नये.

१४. संत्र्याचा डिंक्या किंवा डाळिंबाची मर वनस्पतींच्या अर्काने बरी होते का?

नाही. दोन्हींत पेंड आणि ट्रायकोडर्मा शेजारच्या निरोगी झाडांसाठी. डिंक्यात (खोडातून डिंक गळतो तो रोग) खोडाला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप), डाळिंबात मेलेलं झाड मुळासकट काढून जाळणं. हे सोडून अर्कावर विसंबलात तर बाग जाते.

१५. हुमणीला निंबोळी पेंड चालते ना? ऊस पिवळा पडतोय.

इथे एक गंमत आहे. हुमणी ही जमिनीत मुळं कुरतडणारी अळी. तिचे भुंगेरे मे-जूनच्या पहिल्या वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि पाला खायला जातात तो कडुनिंबावर आणि बाभळीवर. ज्या पाल्याला टोळ शिवले नाहीत तो हे मजेत खातात. म्हणून ‘कडुनिंब आहे म्हणजे सगळ्यावर चालणार’ हे डोक्यातून काढा. त्याच झाडांच्या फांद्या रात्री सात ते नऊच्या दरम्यान हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. सगळ्या गावाने मिळून केलं तरच उपयोग. जमिनीतल्या लहान अळीसाठी मेटारायझियम (अळीला रोग लावणारी बुरशी) शेणखतातून द्या. ऑगस्टनंतरच्या जाड अळीवर पेंड भागत नाही.

१६. तंबाखूचा काढा जुन्या लोकांचा उपाय. मिरचीवर मारला तर?

मिरची, टोमॅटो, वांग्यावर तर मुळीच नको. तंबाखूतून मोझॅक विषाणू त्याच कुळातल्या या पिकांत येऊ शकतो. शिवाय निकोटिन कातडीतून अंगात जातं. फवारणाऱ्याला मळमळ, चक्कर, उलटी होते. आपल्या देशात निकोटिन सल्फेटच्या वापरावर बंदी आहे, ती उगीच नाही. ‘वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी’ हा समज इथे माणसाला महागात पडतो.

१७. पपईवर, भेंडीवर व्हायरस आलाय. निंबोळीने जाईल?

विषाणू जात नाही. तो पसरवणारे मावा आणि पांढरी माशी कमी होतात. रोगट झाड आधी काढा, मग फवारा.

१८. गॅलरीत जास्वंद आणि तुळस आहे. एवढ्यासाठी काय करायचं?

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला आधी पाण्याच्या जोरदार धारेने झाडा, मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, आठवड्याने पुन्हा. पानांच्या बेचक्यात पोचलं पाहिजे. बारा इंची कुंडीला मूठभर पेंड, वरच्या मातीत खुरपून, दोन महिन्यांतून एकदा. बंद गॅलरीत वास येईल, तयारी ठेवा. तुळस खाण्यासाठी तोडत असाल तर तेल मारू नका, कीड लागलेलं टोक खुडून टाका. आणि कुंडीतलं रोप सुकत असेल तर नव्वद टक्के वेळा कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं असतं.

१९. मोहरी गाडली की बुरशी मरते असं वाचलं. खरं का?

खरं, पण पद्धत चुकली तर शून्य. मोहरीचा पाला ठेचला गेला आणि ओल मिळाली की त्यातून झणझणीत वायू सुटतो, तोच जो मोहरी फेसताना नाकात जातो. तो तासा-दोन तासांत उडतो. म्हणून फुलोऱ्यात कापून बारीक करणं, रोटाव्हेटरने गाडणं, पाणी देणं आणि प्लॅस्टिकने झाकणं हे एकाच दिवशी व्हायला हवं. नंतर दोन-तीन आठवडे लागवड नको. कोबी-फ्लॉवरच्या शेतात मोहरी टाळा, एकाच कुळातल्या आहेत.

२०. गोगलगाईंसाठी मोहाची पेंड सांगितली. शेततळ्याच्या कडेला टाकली तर?

टाकू नका. मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन माशांचे कल्ले निकामी करतं. मत्स्यतळ्यातले नको असलेले मासे मारायला तीच पेंड हेक्टरी अडीच टनांच्या हिशेबाने वापरतात. पावसाने ती वाहून तळ्यात उतरली तर तुमचे रोहू-कटला वर तरंगतील. शेतातही ती गांडुळांना वर काढते. तळ्याच्या बाजूला गोगलगाईंसाठी संध्याकाळी गोणपाट ओले करून अंथरा आणि सकाळी त्याखालच्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाका.